मौलानांनी न लिहिलेला शेर

मस्तुरा खालाला आमच्या चिनोर मोहल्ल्यात कोणी गरीब म्हणत नाही, श्रीमंत म्हणत नाही आणि विदुषी तर मुळीच म्हणत नाही. शिक्षण आठवी. आठवीनंतर आईने हातात सुई दिली, ती आज एकसष्टाव्या वर्षीही खाली ठेवलेली नाही. बोलताना तेवढी सुई दातांत धरते, त्यामुळे तिचे बोलणे ऐकणाऱ्याला आपोआपच टोचते. अख्ख्या कोनिबोदोममध्ये लग्नाच्या सुजन्या भराव्यात त्या तिनेच. पलंगाच्या वर भिंतीला टांगायची भलीमोठी सुजनी, मध्ये डाळिंबे, कडेने वेल आणि वेलीच्या आत एखाद्या जुन्या उस्तादाचा शेर, खाली त्याचे नाव. ज्या जावयाच्या डोक्यावर मस्तुरा खालाची सुजनी नाही, त्याचे लग्न धड झाले की नाही अशी आमच्याकडे शंका घेतात.

मी तिच्या घरासमोरच्या शाळेत साहित्य शिकवतो. माझे नाव नझरुल्लो, पण ते मोहल्ला केव्हाच विसरला. सगळे मुअल्लिम, म्हणजे मास्तर, एवढेच म्हणतात. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी चांगलाच मूर्खही ठरणार आहे आणि दोन्ही गोष्टी एकदम कळणे बरे नव्हे.

माझ्या वर्गाची खिडकी नेमकी तिच्या अंगणात उघडते. तिथे तुतीच्या झाडाखाली तिची भरतकामाची चौकट मांडलेली असते. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात, गझलेचे भाग समजावत होतो, तर बाहेरून आवाज आला, “मुअल्लिम, रदीफ झालं, पुढचं काय म्हणालात? गाढव ओरडलं, ऐकू नाही आलं!”

पोरे फिदीफिदी हसली. मी खिडकी लावली. सप्टेंबरमधला उकाडा काय असतो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. दहा मिनिटांत मला घेरी यायची वेळ आली आणि मीच खिडकी उघडली.

“काफिया, खाला,” मी म्हणालो.

“हां, काफिया. थांबा, दोरा ओवते. आता बोला.”

तेव्हापासून ती माझी सर्वांत जुनी विद्यार्थिनी. पोरे दरवर्षी पास होऊन जात, ती मात्र तुतीखाली कायम. आणि एवढे खरे, की तिला जे समजायचे ते माझ्यापेक्षा बरे समजायचे. एकदा मी फळ्यावर मतला, मक्ता, रदीफ, काफिया लिहून लिहून खडूने पांढरा झालो तरी पोरांच्या डोक्यात काही शिरेना. मी ओरडायला लागलो, तशी बाहेरून ती म्हणाली, “अहो, लेकरांना कशाला छळता? पाठवा इकडे.”

तिने चौकटीवर बोट ठेवून दाखवले. काठाची वेल प्रत्येक ओळीच्या शेवटी तीच, तशीच, तो रदीफ. वेलीच्या आधीचे फूल, घाट तोच पण रंग दरवेळी निराळा, तो काफिया. झाडापेक्षा डाळिंब मोठे काढले की ती मुबालगा, म्हणजे अतिशयोक्ती.

“आणि नवऱ्याकडचे म्हणाले, आमचा मुलगा दारूच्या पेल्याला शिवतसुद्धा नाही, तर तीही मुबालगाच,” ती म्हणाली. “फक्त ती भरता येत नाही.”

त्या वर्षी माझ्या वर्गातला एकही मुलगा रदीफ-काफियात चुकला नाही. मी मुख्याध्यापकांना सांगितले, की ही माझ्या नव्या पद्धतीची कमाल आहे.

आता त्या शेराकडे वळतो. सगळ्या अलंकारांत माझा लाडका अलंकार हुस्ने-तालील. एखादी गोष्ट आपल्या कारणाने घडत असते, पण कवी तिला दुसरेच कारण चिकटवतो, साफ खोटे आणि ऐकायला गोड. याचे उदाहरण म्हणून मी दरवर्षी एकच शेर सांगत आलो:

उशिरा उगवे चंद्र, त्याला दोष कुणी देऊ नये,
छतावर ती असता त्याने वरती येऊ नये.

कवी, मौलाना कोहगर्दी. हा शेर मला पाठ करावा लागला नाही. माझी बायको सनोबर हुंड्यात सुजनी घेऊन आली, तिच्यावरच तो आहे. बावीस वर्षे रोज सकाळी डोळे उघडले, की आधी मौलाना दिसतात आणि मग छताचा पडलेला गिलावा.

सुजनी टांगायची आमच्याकडे एक रीत आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती भिंतीवर चढते. नवऱ्याकडच्या बायका शेर मोठ्याने वाचतात आणि विचारतात, “कोणाचे शब्द?” नवरीकडच्या बायका मान ताठ करून उस्तादाचे नाव सांगतात. त्यावर नवऱ्याकडच्यांनी मान डोलावून म्हणायचे, “वा, माहीत नाही असं कोण आहे!” आमच्या गावात माणूस एक वेळ कबूल करील, की मला पोहता येत नाही, माझ्या भावाशी माझे भांडण आहे, माझे दात बसवलेले आहेत. पण हा शेर मी कधी ऐकला नव्हता, हे कबूल करणारा अजून जन्माला यायचा आहे. माझ्या लग्नात मीच सगळ्यांच्या आधी मान डोलावली होती. साहित्याचा शिक्षक ना मी!

वर्गात मी या शेरावर पाऊण तास बोलत असे. छत म्हणजे नववे आकाश. ती म्हणजे परमप्रिय, जिचे रूप मर्त्य डोळ्यांना दिसत नाही. चंद्र म्हणजे साधकाचा अहंकार. आणि दुसऱ्या ओळीत ‘असता’पाशी एक अक्षर कमी पडते, चाल लंगडते, ती जागा तर माझी खास. “मुलांनो, एवढ्या थोर उस्तादाची ओळ चुकेल का? इथे प्रियकराचा श्वास अडकला आहे!” असे म्हणून मी स्वतःचाही श्वास अडकवून दाखवत असे. नेमके त्याच वेळी खिडकीबाहेरून मस्तुरा खालाच्या हसण्याचा आवाज यायचा. मला वाटे, शेजारच्या बोकडाने काहीतरी केले असेल.

गेल्या वर्षी अकरावीत अन्झुरत नावाची एक मुलगी होती. किडकिडीत, वेण्या ओढून बसायची सवय. तिने हात वर केला.

“मुअल्लिम, छत म्हणजे छतच असलं तर?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आमच्या छतावर जर्दाळू वाळतात ना, तसं छत. राखायला पोरगी बसते अंधार पडेपर्यंत. चावट पोरं खालून बघतात.”

वर्ग खिदळला. मी तिला सांगितले, की मौलाना कोहगर्दींना जर्दाळू राखणाऱ्या पोरींशी काही देणेघेणे नव्हते. आणि तिच्या वहीवर पाचपैकी तीन लिहिले.

जूनमध्ये अकरावीची अखेरची परीक्षा झाली. निबंधाच्या पेपरात प्रश्न आला, ‘हुस्ने-तालील म्हणजे काय ते सांगून कोणत्याही थोर उस्तादाचा शेर उदाहरण म्हणून द्या व त्याचा अर्थ लिहा.’ मी घरी येऊन टाळ्या पिटल्या. सनोबरला म्हटले, “या वेळी एकतीसच्या एकतीस!” ती जर्दाळूच्या बिया काढत होती. “छान झालं,” एवढेच म्हणाली. तिचे बोलणे तेवढेच असते.

दहा दिवसांनी प्रांताच्या परीक्षा-कार्यालयाचे पत्र आले. एकतीस मुलांनी एकच शेर लिहिला आहे, हे संशयास्पद. त्याहून संशयास्पद म्हणजे मौलाना कोहगर्दींच्या कोणत्याही ग्रंथात तो शेर नाही. तपासनीस बाई गुरुवारी येत आहेत. तोवर शिक्षकांनी मूळ ग्रंथ दाखवावा, अन्यथा एकतीसही निबंध रद्द होतील आणि मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसावे लागेल.

मी हसलो. ग्रंथालयात गेलो. मौलानांचा दिवाण, म्हणजे सगळ्या गझलांचा ग्रंथ, काढला आणि पाने उलटू लागलो. पहिल्यांदा चहा पीत, दुसऱ्यांदा चहा विसरून, तिसऱ्यांदा एका एका ओळीवर बोट ठेवून. छत होते, चंद्र होता, उशीरही होता. आमचा शेर तेवढा नव्हता. मग चहाखान्यात म्हाताऱ्यांकडे गेलो.

“मौलानांचाच आहे,” पहिला म्हणाला. “डाव्या हाताच्या पानावर, खालून तिसरा.”

“कुठल्या पुस्तकात?”

“ते मी सांगू? मुअल्लिम तू की मी?”

दुसऱ्याने सांगितले, की तो शेर फक्त एका हस्तलिखितात होता आणि ते हस्तलिखित उंदरांनी खाल्ले. तिसऱ्याने उंदरांची जातसुद्धा सांगितली. मी चहा न घेताच उठलो. म्हटले, या लोकांत आणि माझ्यात फरक काय? मीही बावीस वर्षे डाव्या हाताच्या पानावरच तर जगत होतो.

मी तडक मस्तुरा खालाच्या अंगणात शिरलो.

“खाला, सनोबरच्या सुजनीवरचा शेर कुठल्या पुस्तकातून घेतलात?”

तिने दातांतली सुई काढून बाहीला टोचली. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“पुस्तक असतं तर सांगितलं असतं की,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“बसा. तुमच्या सासूबाई आल्या होत्या. म्हणाल्या, मौलाना कोहगर्दींचाच शेर हवा, पण दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर नसलेला. आता मौलाना जाऊन झाली पाच-सहाशे वर्षं. नवीन काही लिहीत नाहीत. इकडे मोहल्ल्यात दरसाल आठ-दहा लग्नं. मी करायचं काय?”

“नाही म्हणायचं!”

“तुमच्या सासूबाईंना? तुम्ही म्हणून पाहिलंय कधी?”



“असे किती शेर आहेत?” मी विचारले.

“मोजलेत कोणी! मौलानांचे बरेच. त्या जुन्या कवयित्री बीबी नोजुकचे थोडे. त्या जरा रडक्या पडतात, लग्नाला चालत नाहीत. आधी नुसतंच सुचायचं हो. मग तुमच्या खिडकीतून कळलं, की आपण जे करतो त्याला नावंसुद्धा आहेत. हुस्ने-तालील! मी मेली त्याला थाप म्हणत होते.”

माझा पारा चढला. मी म्हणालो, तुम्ही थोरांच्या नावाने थापा विकल्या, तुम्ही मला गावात हसू केले, माझी बावीस वर्षांची शिकवणी मातीत घातली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तुमचं ओरडून झालं की सांगा. मी तुम्हाला कधी म्हटलं होतं का, की नववं आकाश शिकवा? मी तर खिडकीत बसून ऐकत होते, की हे सगळं माझ्या डोक्यात कधी आलं!”

तेव्हा मी पत्र तिच्यापुढे टाकले. चष्मा चढवून ते वाचताना तिचा चेहरा बदलला.

“एकतीस पोरं?”

“एकतीस. अख्खं वर्ष जाईल. अन्झुरतला दुशान्बेच्या विद्यापीठात प्रवेश मिळायचा होता, तो गेला. दोघींची लग्नं ठरलीत, त्यांना परीक्षेला परत बसू देतील का सासरचे?”

ती चौकटीवरचा धागा नखाने कुरतडू लागली. मग म्हणाली, “मी काय, टोचून घेतलेली बाई आहे, मला काही होत नाही. पण मुअल्लिम, तीनशे घरांत माझ्या सुजन्या आहेत. उद्या प्रत्येक सासू सुनेला म्हणेल, काय गं, तुझ्या माहेरने मौलाना सांगून शिवणाऱ्या बाईचे शब्द दिले? त्या पोरींनी काय सांगायचं? आणि माझंच नाव लावलं असतं खाली, तर टांगलं असतं का कोणी?”

 कोणी टांगले नसते. मी तर नक्कीच नसते.

घरी येऊन सनोबरला सांगितले, की आपल्या भिंतीवरचा शेर मौलानांचा नाहीच, मस्तुरा खालाचा आहे. ती तांदूळ धूत होती. “हो का?” म्हणाली आणि पाणी ओतून दिले. मला तिचा रागच आला. आकाश कोसळतेय आणि ही तांदूळ धुतेय!

गुरुवारी तपासनीस शहोदतबाई आल्या. बाई एवढीशी, पिशवी मात्र एवढी मोठी. पिशवीत मौलानांच्या दिवाणाच्या तीन आवृत्त्या. माझ्याच वर्गात माझ्याच खुर्चीत त्या बसल्या आणि मी बाकावर. बाहेर व्हरांड्यात एकतीस पोरे आणि त्यांच्या मागे त्यांच्या आया.

“ग्रंथ?” बाईंनी विचारले.

“नाही,” मी म्हणालो. पुढचे वाक्य मी सकाळपासून तयार केले होते, ते बोलणार, तोच...

“ग्रंथ नाही, मी आहे,” दारातून आवाज आला. मस्तुरा खाला नव्या झग्यात उभी होती, सुई बाहीला टोचलेली. तिच्या मागे आमची सुजनी खांद्यावर टाकून सनोबर. “शेर माझा आहे. पोरांची काही चूक नाही. मुअल्लिमांची आहे, पण ती परीक्षेत धरू नका.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “नाव? शिक्षण?”

“मस्तुरा बोयमतोवा. आठवी.”

“आजी, तुम्हाला मुलांची दया येते हे मी समजू शकते. पण मी केलं असं उद्या कोणीही उठून म्हणेल.”

“म्हणू दे. कोणाला सुचत असेल तर बरंच आहे.”

बाईंनी एक निबंध उघडला. “बरं. हा शेर मौलानांचा नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच ओळखलं होतं. दुसऱ्या ओळीत ‘असता’पाशी एक अक्षर कमी आहे. मौलानांची ओळ मेली तरी लंगडणार नाही. आणि इथे एकतीस मुलांनी लिहिलंय...” त्यांनी वाचून दाखवले, “‘इथे प्रियकराचा श्वास अडकला आहे.’ हे कोणी शिकवलं?”

मी बाकावरच्या शाईच्या डागाकडे पाहत होतो. मस्तुरा खाला मात्र पोट धरून हसायला लागली.

“श्वास नाही हो बाई! पान आहे ते!”

तिने सनोबरला खूण केली. दोघींनी सुजनी धरून उघडली. खालच्या उजव्या कोपऱ्यात वेलीचे एक पान नुसतेच रेघेने आखलेले होते, भरलेले नव्हते. बावीस वर्षांत माझ्या ते लक्षात आले नव्हते.

“सुजनी पुरी करायची नसते,” ती म्हणाली. “पुरी झाली की घराची भरभराट पुरी झाली. एक पान सोडायचं, म्हणजे पुढे चालू राहतं. आईने शिकवलं. मग म्हटलं, शब्दसुद्धा मीच भरतेय, तर तिथेही एक सोडावं. ‘असताना’ म्हटलं की ओळ सरळ होते, मला काय ठाऊक नव्हतं? मुद्दाम सोडलंय. प्रत्येकात सोडलंय.”

“प्रत्येकात?” बाई उठून उभ्या राहिल्या.

अन्झुरतला सांगायचीही गरज पडली नाही. ती आणि दहा-बारा पोरे धावत सुटली आणि घटकाभरात जवळपासच्या घरांतून भिंतीवरच्या सुजन्या उतरवून घेऊन आली. सुजन्यांच्या मागोमाग त्यांच्या मालकिणी, कोणाच्या हाताला पीठ, कोणाचा रुमाल सुटलेला. “अगं, माझी सुजनी कुठे नेतेस!” बाकांवर अकरा सुजन्या पसरल्या. शहोदतबाई एकेकीपाशी वाकून बोटांवर अक्षरे मोजत होत्या. सहा मौलानांच्या, तीन बीबी नोजुकच्या, दोन अशा उस्तादांच्या ज्यांचे नावही मी ऐकले नव्हते, पण ज्यांच्यासाठी मी त्या त्या लग्नांत मान डोलावली होती. अकराही शेरांच्या दुसऱ्या ओळीत एक अक्षर कमी. अकराही सुजन्यांवर एक पान मोकळे.

बाईंनी चष्मा पुसला.  “आणखी एक विचारते,” त्या म्हणाल्या. “मुलं लिहितात, ‘ती’ म्हणजे परमप्रिय आणि छत म्हणजे नववं आकाश. तुमच्या मनात काय होतं?”

“नववं?” खाला म्हणाली. “आमच्या गल्लीत एकाच मजल्याची घरं आहेत, बाई. ती समोरच्या छतावर जर्दाळू राखत बसायची, सतरा वर्षांची होती. ती काय, सुजनीचं दुसरं टोक धरून उभी आहे.”

सगळा वर्ग, सगळा व्हरांडा सनोबरकडे वळला. तिने सुजनी नाकापर्यंत वर घेतली. मी तिच्याकडे पाहिले आणि लगेच खाली पाहिले. मला खरोखर लाज वाटली, शिक्षक म्हणून नव्हे.

शहोदतबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी लाल पेन काढले. प्रत्येक निबंधात ‘मौलाना कोहगर्दी’वर काट मारून त्या लिहीत गेल्या, ‘मस्तुरा बोयमतोवा, कोनिबोदोम, हयात.’ एकतीस वेळा. मग म्हणाल्या, “नाव भिंतींनी चुकीचं शिकवलं, त्याची शिक्षा मुलांना नाही. अलंकार बरोबर ओळखलाय, रदीफ-काफिया बरोबर आहे. निबंध कायम. फक्त नवव्या आकाशाबद्दल प्रत्येकाचा एक गुण कापते.” एका निबंधापाशी त्या थांबल्या. “हिचा नाही. हिने पुढे कंसात लिहिलंय, ‘आमच्या शिक्षकांच्या मते. मला वाटतं छत म्हणजे छतच.’”

अन्झुरत माझ्याकडे बघून वेणी ओढत होती. मी मनातल्या मनात तिला पाचपैकी पाच दिले, पण तोंडाने कबूल करायला मला आणखी दोन दिवस लागले.

आया ओरडल्या, हसल्या, पोरांना कुरवाळू लागल्या. पण लतोफत नावाची जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. तिची मुलगी खुजंदला दिली आहे, सासर नाकाने कांदे सोलणारे.

“खाला, माझ्या पोरीच्या भिंतीवर मौलाना आहेत. आता तिच्या सासूला मी काय सांगू?”

मस्तुरा खालाच्या तोंडचे हसू मावळले. याच गोष्टीला ती भीत होती.  तिथल्या प्रत्येक बाईच्या मनात आपापली लेक आली असणार.

मग खालाने बाहीवरची सुई काढून दातांत धरली. “सांग, मौलाना हयात आहेत म्हणावं. फक्त चष्मा लागलाय. आणि विहीणबाईंना दुसरा कोणाचा शेर हवा असेल तर सुजनी परत पाठवा, उसवून देते.”

 “उसवते कशाला?” लतोफत म्हणाली. “ती बया पाहुणे आले की रोज वाचून दाखवते. वाचू दे मेलीला.” आणि तीच सगळ्यांत मोठ्याने हसली. त्या दिवसापासून आजवर एकही सुजनी उसवायला आलेली नाही. नाव बदलून घ्यायला दोघी-तिघी आल्या, त्यांना खालाने सांगितले, की दोरा जुना आहे, ओढला तर फाटेल. नव्या सुजन्यांवर मात्र ती खाली काहीच नाव घालत नाही. कोणी विचारले, कोणाचे शब्द, तर म्हणते, “तू ओळख बघू.” आणि आमचे लोक मान डोलावून ओळखतात.

त्या संध्याकाळी मी छतावर गेलो. सनोबर जर्दाळू उलटत होती. मी उभा राहिलो. 

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“मी तिथेच तर होते. खाला खालून ओरडली, सनोबर, उतर गं खाली, चंद्र खोळंबलाय. आणि हसत सुटली. त्याच आठवड्यात भरलं तिने ते.”

“मग बावीस वर्षं बोलली का नाहीस?”

तिने दोन-चार जर्दाळू उलटले. “लग्नानंतर सांगणार होते. एक दिवस तुमचा डबा घेऊन शाळेत आले, तर तुम्ही तोच शेर शिकवत होतात. दाराशी उभी राहून ऐकलं. ती कशी डोळ्यांना दिसत नाही, तिच्यापुढे चंद्रसुद्धा कसा काही नाही... इतकं छान सांगत होतात, की मला वाटलं, खरंच ती दुसरीच कोणीतरी असेल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी तिच्याकडे एक पाऊल टाकले.

“बघून,” ती म्हणाली, “पायाखाली जर्दाळू आहेत.”

मी पाय उचलला, चपला काढून ठेवल्या आणि तिच्या शेजारी बसून जर्दाळू उलटू लागलो.